किनारा शेवटच्या दिवशी

पहिला दिवस

“कॅरिबियनला जाऊन पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, तर मग जायचं कशाला?” हा माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा सवाल. त्याच्या डोक्यात एक छत्री, एक आडवी खुर्ची आणि एक नारळ असं चित्र पक्कं बसलेलं. माझे बाबा दादरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेले आणि जानेवारीपासून बर्फ बघून बघून कावलेले. त्यांना विचारलं, कुठलं बेट बघायचंय? क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “पोर्ट ऑफ स्पेन.”

बाबा, ते शहर आहे, बेटाचं नाव त्रिनिदाद, असं सांगायच्या आतच ते १९७१ सालच्या क्रिकेट दौऱ्यात पोचले होते. शेवटी तोडगा निघाला तो असा : सहा दिवस बाबांचे आणि माझे, शेवटचा अर्धा दिवस मिलिंदच्या खुर्चीचा. तसंही त्रिनिदाद-टोबॅगो या देशात समुद्रकिनाऱ्याचं खातं धाकट्या टोबॅगोकडे आहे. थोरलं त्रिनिदाद आपलं तेल, वायू, कोको आणि माणसांची सरमिसळ यांत गुंतलेलं. आकार म्हणाल तर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासा लहान.

न्यूयॉर्कहून पाच तासांत पिआर्को विमानतळ. एप्रिलचा उकाडा दारातच अंगाला चिकटला आणि बाबांचा चेहरा तीन महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला. भाड्याची गाडी घेतली. इथे वाहतूक डाव्या बाजूने. वीस वर्षं उजवीकडून चालवलेला मिलिंद पहिल्याच चौकात घामाघूम, आणि मागून बाबा, “अरे, आता कुठे सरळ चालवतोयस.”

मुक्काम सेंट ऑगस्टीनला, विद्यापीठाजवळच्या एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये. मालकीणबाई सत्तरीच्या, गुडघ्यापर्यंतचा फुलाफुलांचा झगा, केस घट्ट बांधलेले. अंगणाच्या कोपऱ्यात उंच बांबूंवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या पताका. या झंडी. घरात पूजा झाली की ज्या देवाची पूजा त्याच्या रंगाची झंडी अंगणात उभी करायची आणि ऊनपावसात ती विरेपर्यंत तशीच राहू द्यायची. बाबांनी पताका बघितल्या आणि उत्साहाने हिंदीत सुरू झाले, “नमस्ते बहनजी, आप कैसी हैं?” बाई हसल्या. इंग्रजीत म्हणाल्या, “अंकल, मला हिंदी येत नाही. भजनं येतात, पण त्यांचा अर्थ पंडितांना विचारायचा. मला आंटी म्हणा.” ‘अंकल’ आणि ‘आंटी’ या दोघांमध्ये चार वर्षांचं अंतर होतं, आणि मोठे होते ते अंकल. तरी त्या क्षणापासून बाबासुद्धा त्यांना आंटीच म्हणू लागले.

रात्री क्युरेपच्या चौकात डबल्स खाल्ले. दोन मऊ, पिवळसर, तळलेल्या पुऱ्या, मध्ये चण्याची पातळ उसळ, वर चिंचेची चटणी, काकडी आणि मिरचीचा रस. पुरीला म्हणतात ‘बारा’. “बारा कशाला, दोन पुरेत,” हे बाबांनी म्हटलंच. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनला एका कुटुंबाने एका बाऱ्यावर चणे घालून विकायला सुरुवात केली, गिऱ्हाइकं ‘डबल कर’ म्हणू लागली, आणि तेच नाव पडलं. किंमत एका अमेरिकी डॉलरच्या आसपास. गाडीवाला मान वर न करता फक्त मिरची किती ते विचारतो. इथे ‘स्लाइट’ म्हणायचं असतं. बाबा म्हणाले, “आपण कोकणातली माणसं. मीडियम.” पुढची दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत.

दुसरा दिवस

सकाळी आंटींच्या स्वयंपाकघरात साधा रोटी आणि बैगन चोका. चोका म्हणजे आपलं भरीत : वांगं आचेवर भाजून, सोलून, ठेचून, वर लसणाची चरचरीत फोडणी. बाजूला ‘भाजी’, आणि इथे भाजी म्हणजे फक्त पालेभाजी. बाकीच्या ‘तरकारी’. तवा तवाच, बेलना बेलनाच. आंटी सहज बोलून गेल्या, “हा चोका मला माझ्या आजीने शिकवला.”

बाबांचा घास हातातच राहिला. “काय म्हणालात? आजी?”

“आजी. वडिलांची आई. वडिलांचे वडील आजा. आईकडचे नाना-नानी.”

शब्द भोजपुरीतून आलेला, मराठीशी त्याचा थेट संबंध नाही, हे मला माहीत होतं. इथे जहाजं आली ती कलकत्त्याहून, काही मद्रासहून. मुंबईहून निघालेल्या मराठी मजुरांच्या नशिबी मॉरिशस आलं. तरी हजारो मैलांवर, आपली भाषा न येणाऱ्या बाईच्या तोंडून ‘आजी’ ऐकल्यावर व्युत्पत्ती आठवत बसायला कुणाला सुचतंय?

मग बाबांचं तीर्थक्षेत्र. पोर्ट ऑफ स्पेनला जाताना उत्तरेच्या डोंगरांवर मध्येच एखादं झाड संपूर्ण पिवळं पेटलेलं दिसायचं. ते पोई. एकही पान नाही, नुसती फुलं. पोई फुलले की परीक्षा जवळ आल्या असं विद्यापीठातली मुलं म्हणतात. क्वीन्स पार्क सव्हाना हे शहराच्या मधलं प्रचंड मैदान, २६० एकरांचं, आणि त्याभोवती एकाच दिशेने फिरणारी गाड्यांची रांग. आम्ही चुकून दोन प्रदक्षिणा घातल्या. कडेला शहाळीवाले. मिलिंदला नारळ मिळाला, त्याच्या चित्रातला एक तृतीयांश भाग पुरा झाला.

क्वीन्स पार्क ओव्हल १८९६ पासूनचं मैदान. सामना नव्हता. दारावरच्या माणसाने आधी नाही म्हटलं, मग बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, “अंकल कुठून आलेत?” “बॉम्बे,” बाबा म्हणाले. मुंबई नाही, बॉम्बे. १९७१ चं गाव. त्याने दार उघडलं.

बाबा सीमारेषेच्या अलीकडे उभे राहिले. समोर हिरवं मैदान, त्यामागे स्टँड, त्यामागे डोंगर. तेव्हा ते वीस वर्षांचे होते, वर्तमानपत्रांतले धावफलक कापून वहीत चिकटवायचे. ती वही अजून दादरच्या घरी आहे. ६ मार्च १९७१ ला याच मैदानावर गावसकर पहिली कसोटी खेळायला उतरला. ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाईने ११२ काढले. दुसऱ्या डावात दुराणीने लॉइड आणि सोबर्स दोघांना घालवलं. वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं, ते इथे. महिन्याभराने याच मैदानावर मालिकेतली शेवटची कसोटी, आणि दाढ ठणकत असताना गावसकरचे १२४ आणि २२०. चार कसोटींत ७७४. बाबा हे आम्हाला सांगत नव्हते, मैदानाला सांगत होते.

दारावरचा माणूस मागे येऊन उभा राहिला होता. “आणि सेव्हन्टी-सिक्स?” त्याने विचारलं. हे बाबांना उघड आव्हान. “चारशेतीन हवे होते, चार बाद चारशेसहा केले. गावसकर एकशेदोन, विश्वनाथ एकशेबारा.” चौथ्या डावातला तो विक्रम पुढे सत्तावीस वर्षं टिकला. मग त्याने आपलं पान टाकलं : अरिमाच्या सुनील नारायणचं ‘सुनील’ हे नाव गावसकरवरून ठेवलेलं. बाबांनी वरचं पान काढलं : गावसकरने मुलाचं नाव ‘रोहन’ ठेवलं ते गयानाच्या रोहन कन्हायवरून. फिट्टंफाट. दोघंही खूश.

निघताना तो म्हणाला, त्याचे वडील १९७१ ला भारताच्या बाजूने ओरडत होते, आणि त्यावरून शेजाऱ्यांशी त्यांची महिनाभर बोलाचाली बंद होती. “आणि तुम्ही?” बाबांनी विचारलं. तो चकित झाला. “मी? मी वेस्ट इंडियन आहे, अंकल.”

संध्याकाळी एका पॅनयार्डमध्ये, म्हणजे स्टीलपॅन या वाद्याच्या सरावाच्या आवारात गेलो. कार्निव्हल संपून गेलेला, त्यामुळे शंभर वादकांचा गजर नव्हता. पाच-सहा शाळकरी मुली एकच ओळ पुन्हा पुन्हा घासत होत्या आणि कोपऱ्यात एक माणूस उलट्या पिंपाच्या तळाशी हातोडीने स्वर लावत होता. ठोकायचं, कान लावायचं, पुन्हा ठोकायचं. पुण्याच्या तांबट आळीतून लहानपणी जाताना असाच ठोका ऐकलाय, फक्त तिथून हंडा निघायचा, इथून गंधार निघत होता. या वाद्याचा जन्म बंदीतून झाला. १८८० च्या दशकात इंग्रजांनी ढोल वाजवण्यावर निर्बंध आणले, लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, मग बिस्किटांचे डबे आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लव्हेंटिलच्या टेकडीवरच्या गरीब वस्त्यांतून तेलाची पिंपं. आता ते राष्ट्रीय वाद्य आहे, आणि देशाच्या राजचिन्हावरून कोलंबसची तीन जहाजं उतरवून तिथे स्टीलपॅन ठेवायचं सरकारने २०२४ साली ठरवलं. मला हा बदल फार आवडला.

तिसरा दिवस

महामार्गाने दक्षिणेला वळलं की डोंगर मागे पडतात आणि सपाट मुलूख लागतो. हा सारा एके काळी ऊस होता. १८३८ ला गुलाम पूर्णपणे मोकळे झाले, उसाच्या मळ्यांना माणसं मिळेनात, आणि ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर घेऊन इथे लागलं. पाच वर्षांचा करार. १९१७ पर्यंत असे सुमारे एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोक आले. ३० मेला इथे सार्वजनिक सुट्टी असते. सरकारी साखर कंपनी मात्र २००३ साली बंद झाली. आता उसाच्या जागी घरं, मॉल आणि गवत.

चगवानस मागे टाकून कारापिचाइमाला पोचलो. लांबूनच झाडांवरून हनुमान दिसतो, ८५ फुटी. ते आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की मारुती ज्या आवारात उभा आहे ते देऊळ आहे दत्ताचं. म्हैसूरच्या अवधूत दत्त पीठाने उभारलेलं, दक्षिणी धाटणीचं, गुलाबी-पिवळं, भिंतीवर हत्ती. नरसोबाच्या वाडीला दर वर्षी जाणारे बाबा दारातच थबकले. “दत्त? इथे?” आत पंचवीस-तीस माणसं, इंग्रजीतून सूचना, आणि मग सगळ्यांनी मिळून म्हटलेली संस्कृत स्तोत्रं. बाबांनी डोळे मिटून हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाले, “पेढे मात्र मिळायला हवे होते.”

वॉटर्लूचं देऊळ तिथून दहा मिनिटांवर. या सबंध प्रवासात एकच जागा बघायची असेल तर मी ही सांगेन. सीवदास साधू नावाचा उसाच्या मळ्यात राबणारा माणूस. १९४७ ला त्याने किनाऱ्यावर लहानसं देऊळ बांधायला घेतलं. जमीन साखर कंपनीची. १९५२ ला देऊळ पाडलं गेलं, साधूला तुरुंगवास आणि दंड झाला. बाहेर आल्यावर त्याने हिशेब केला : जमीन कंपनीची, समुद्र कोणाचाच नाही. मग त्याने समुद्रातच भर घालायला सुरुवात केली. सायकल, दोन बादल्या, दगड, सिमेंट, रिकामी पिंपं. ओहोटीला चिखल तुडवत जायचं, भरती येईपर्यंत काम करायचं, परत यायचं. हे त्याने वर्षानुवर्षं, जवळजवळ एकट्याने केलं. १९७० च्या सुमारास तो गेला तेव्हा काम अर्धवट होतं आणि लाटा ते खात होत्या. भारतीय आगमनाला दीडशे वर्षं होत आली तेव्हा, १९९० च्या दशकात, सरकार आणि लोकांनी मिळून ते पक्कं बांधलं.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. किनाऱ्यापासून देवळापर्यंत बांध, दोन्ही बाजूंना राखाडी चिखल, त्यात कुर्ल्यांची बिळं. देऊळ अष्टकोनी, पांढरं, वर रंगीत घुमट. आत विशेष काही नाही, आपल्याकडच्या कुठल्याही देवळासारखंच. बघायची गोष्ट म्हणजे ते अंतर. मी बांधावरून चालत पावलं मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. शेजारीच स्मशान आहे, उघड्यावर समुद्राकडे तोंड करून. त्या दिवशी एक चिता जळत होती. नातेवाईक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते, कोणीतरी सगळ्यांना थंड पाण्याच्या बाटल्या देत होतं. बाबा बराच वेळ तिथे उभे राहिले. मी त्यांना हाक मारली नाही.

दुपारी चारला करोनीच्या खाडीत. सपाट तळाची होडी, वीसेक माणसं, वल्ह्याऐवजी इंजिन. इथली खारफुटी बघून मला अंजर्ल्याची खाडी आठवली : तीच वरून उतरलेली आधारमुळं, तोच कुजका-खारट वास. फक्त आमच्या तिवरांत डोक्यावर अजगरासारखं काही वेटोळं घालून झोपलेलं नसतं. नावाड्याने होडी मुद्दाम त्या फांदीखाली थांबवली. ट्री बोआ. गाठोडं करून ठेवलेल्या दोरासारखा दिसतो. मिलिंदने टोपी घट्ट केली.

मग पाणी रुंद झालं, समोर खारफुटीचं एक हिरवं बेट, आणि नावाड्याने इंजिन बंद केलं. थांबलो. पाच मिनिटं काही नाही. मग डोंगराच्या बाजूने आठ-दहा ठिपके आले, उन्हात वळले, आणि सगळी होडी एकदम ‘अरे’ म्हणाली, आपापल्या भाषेत. स्कार्लेट आयबिस हा लाल रंगाचा पक्षी आहे असं वाचलेलं असतं, पण एवढा लाल असू शकतो यावर डोळे विश्वास ठेवत नाहीत. चोच काळसर, पंखांची टोकं काळी, बाकी कणाकणाने लाल. दहा आले, मग चाळीस, मग मोजदाद संपली. हिरव्या झाडाला लाल मोहर यावा तसं बेट भरत गेलं. रंग येतो तो कुर्ल्या आणि कोळंब्यांतून. पिल्लं जन्मतात ती करडी-तपकिरी, आणि खात खात लाल होतात. पिंजऱ्यात ठेवून भलतंच खायला घातलं तर रंग उतरतो. “कुर्ल्या खाऊन मी कधी लाल झालो नाही,” मिलिंद म्हणाला. उद्या सांगते तुला, मी मनात म्हटलं, कारण त्याने उन्हाचं मलम लावलेलं नव्हतं.

हा राष्ट्रीय पक्षी. तरी मांसासाठी त्याची चोरटी शिकार व्हायची, म्हणून २०१८ पासून एक लाख त्रिनिदादी डॉलर दंड आणि दोन वर्षं कैद. नावाड्याने हे सांगितलं ते घशाशी काही अडकल्यासारखं. त्याचे आईवडील काय खायचे ते त्याला माहीत असणार.

चौथा दिवस

ला ब्रेआचं डांबराचं तळं. सॅन फर्नांडोच्या पुढे रस्ता लाटांसारखा वरखाली व्हायला लागतो आणि दोन्ही बाजूंची घरं कलंडलेली दिसतात, कारण जमिनीखाली डांबर सरकतं. जगातला डांबराचा सगळ्यात मोठा नैसर्गिक साठा : शंभर एकर, आणि खोली अडीचशे फुटांच्या घरात. १५९५ ला सर वॉल्टर रॅलेने आपल्या जहाजांच्या फटी या डांबराने बुजवल्या. वॉशिंग्टनचा पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यू १८७६ ला याच डांबराने बांधला.

आता खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघताना निराशाच होते. पार्किंगची जुनी, खचलेली जागा दिसावी तसं. बाबा म्हणाले, “एवढ्या लांब येऊन मुंबईचा रस्ताच बघायचा होता का?” पण चालायला लागलं की पायाखाली ते जरासं दबतं. हत्तीच्या कातडीसारख्या वळ्या, वळ्यांच्या मध्ये पावसाचं साचलेलं पाणी, त्यात कमळं, बारके मासे, आणि गंधकाचा वास. काही डबक्यांत लोक आंघोळ करतात, त्वचेला चांगलं म्हणून. वाटाड्याशिवाय फिरायचं नाही, कारण कुठे घट्ट आणि कुठे मऊ हे त्यालाच कळतं. त्याने काठी खुपसून दाखवली, बाहेर काढली तर टोकाला काकवीसारखी तार. जिथून खणून नेतात तो खड्डा हळूहळू आपोआप भरून येतो.

“इथे पाय ठेवू नका,” वाटाड्या म्हणाला, आणि मिलिंदने तिथे पाय ठेवला. चप्पल राहिली, पाय वर आला. दोघांनी ओढून ती सोडवली. उरलेला प्रवास ती चप्पल स्वतंत्र पिशवीतून झाला. संध्याकाळपर्यंत मिलिंदची मान आणि कान आयबिसच्या रंगाचे झाले होते.

परतताना डेबेला थांबलो. रस्त्याच्या कडेला टपऱ्यांची रांग, काचेमागे तळलेले पदार्थ : फुलौरी, आलू पाय, बैगनी, आणि साहिना. साहिना घेतला, तोडला, आणि आत हिरवी-पिवळी गुंडाळी. अळूचं पान, डाळीचं पीठ, तळण. मी ओरडलेच, “अळूवडी!” टपरीवाली म्हणाली, “साहिना.” मी तिला समजावून सांगायला लागले की आमच्याकडे यात चिंच-गूळ घालतात, आधी वाफवतात, मग... तिच्यामागे रांग वाढत होती. “डार्लिंग,” ती म्हणाली, “मिरची हवी की नको?”

रात्री व्हरांड्यात आंटींनी एका प्लॅस्टिकच्या बाहीतला कागद काढला. त्यांच्या आजीचा जहाजाने येतानाचा पास, पुराभिलेखागारातून काढून घेतलेली प्रत. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा बस्ती, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. नाव इंग्रज कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. ‘अंगावरची खूण’ या रकान्यात डाव्या पायावरचा व्रण. “व्रण मला आठवतो,” आंटी म्हणाल्या, “नाव मात्र हे नव्हतं.”

मी म्हटलं, तुम्ही हे सगळं किती जपलंय. रोटी, झंडी, आजी. आंटींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “मी काही जपत नाही गं. मी सकाळी उठून रोटी करते.”

“त्या गावाला कधी गेलात?” बाबांनी विचारलं.

“गेले होते एकदा. मे महिना होता. कोणी ओळखीचं निघालं नाही. एका घरात चहा दिला. मग आम्ही ताजमहाल बघितला.” त्या खळखळून हसल्या, आणि एक डबा पुढे केला. आत बोटाएवढे तळलेले तुकडे, वरून साखरेचा पाक चढवलेला, आल्याचा वास. “कुरमा. दिवाळीला करतो, पण माझ्याकडे बारा महिने असतो.”

“शंकरपाळे,” बाबा म्हणाले.

“कुरमा,” आंटी म्हणाल्या.

“आमच्याकडे शंकरपाळे म्हणतात.”

“तुमच्याकडे,” आंटी म्हणाल्या.

पाचवा आणि सहावा दिवस

ग्रांद रिव्हिएर हे उत्तर किनाऱ्यावरचं टोकाचं गाव. तीन तासांचा रस्ता. टोकोनंतर वळणं इतकी की बाबांनी आंबा घाटाची आठवण काढून मग डोळेच मिटले. गावात एक रस्ता, एक नदी, एक किनारा. मिलिंदने वाळू बघितली आणि आशेने माझ्याकडे बघितलं. पण मार्चपासून ऑगस्टपर्यंत रात्री हा किनारा कासवांचा असतो. परवाना काढावा लागतो, गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो, टॉर्च फक्त लाल.

मी मंडणगड तालुक्यातली. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडताना मी दोनदा बघितली आहेत. त्यामुळे कासव मला माहीत आहे अशा तोऱ्यात मी होते. रात्री साडेनऊला वाटाडी, पंचविशीतली मुलगी, कुजबुजली, “या.” अंधारात वाळूवर एक होडी पालथी घातलेली दिसली. मग होडीने श्वास सोडला.

लेदरबॅक. रिडलेचं वजन चाळीस-पन्नास किलो, हिचं चारशेच्या आसपास असावं. पाठीवर टणक कवच नाही, जाड चामडं, त्यावर लांब कंगोरे. मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा करत होती, आणि ते बघण्यासारखं होतं : एक वल्हं आत जाई, ओंजळीसारखं वळे, वाळू उचलून अलगद बाजूला ठेवी, मग दुसरं. डोळ्यांनी काहीच दिसत नसताना. अंडी घालायला लागली की तिला भान राहत नाही, तेव्हाच जवळ जाऊ देतात. पांढरी, ओलसर, बिलियर्डच्या चेंडूएवढी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिठाचं, शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं, हे मला ठाऊक आहे. बाबांना ठाऊक नव्हतं. ते मराठीत पुटपुटले, “झालं हं, झालं.”

२०११ पर्यंत वर्षातले काही महिने कासव मारणं इथे कायदेशीर होतं. वाटाडीच्या आजोबांनी मारलेली आहेत, तिनेच सांगितलं. आता तिच्या घरात चार पैसे येतात ते कासव जिवंत असल्यामुळे. वेळासलाही घरोघरी पाहुणे उतरायला लागल्यावरच चित्र बदललं.

पहाटे किनाऱ्यावर गेलो तर ट्रॅक्टर फिरावा तशा सगळीकडे चाकोऱ्या, आणि गिधाडं. दाटीमुळे एका कासवाचा खड्डा दुसऱ्याची अंडी उकरतो, आणि ती अंडी गिधाडांची न्याहारी. रात्रीचं सगळं हळवेपण तिथे उतरलं. मग वाटाडी डोंगराच्या बाजूला घेऊन गेली, पावी दाखवायला. टर्कीएवढा काळपट पक्षी, गळ्याला निळी झालर, जगात फक्त याच बेटावर. उंच झाडावर दोन होते. बाबांना दिसले, मला दिसला एक आणि अर्धा.

सहावा दिवस बहुतेक गाडीतच गेला. वाटेत पाऊस, एक पंक्चर, आणि ते काढून देणाऱ्याने पैसे न घेता बाबांशी तासभर केलेल्या गप्पा. याला इथे ‘लाइम’ म्हणतात. बाबांना हा शब्द फार आवडला. दादरला कट्टा असतो, तोच प्रकार, पण क्रियापदासकट.

सातवा दिवस

माराकस. मिलिंदची खुर्ची मिळाली, छत्री मिळाली. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मध्ये अर्धगोल वाळू, लाटा चांगल्या दणकट. बेक म्हणजे तळलेला फुगीर पाव. त्यात इथे शार्क घालतात. शार्कचं आमच्या मनाला पटेना, म्हणून दुसरी मासळी घातलेला घेतला. चिंचेपासून अननसापर्यंत वीस चटण्या, आपण हव्या तशा लावायच्या. मिलिंद दोन तास आडवा पडला, डोळ्यांवर टोपी. उठून म्हणाला, “बास. चला.” हा अनुभव आल्याबरोबर घेतला असता तर पुढचे सहा दिवस काय केलं असतं, हे मी त्याला विचारलं नाही.

पिआर्कोला विमानतळाबाहेर डबल्सची टपरी आहे, आणि देश सोडताना तिथे थांबायची रीतच आहे. बाबा पुढे झाले. “तीन. स्लाइट.” गाडीवाल्याने मान वर न करता कागदावर कागद टाकले.

आंटींनी निघताना कुरम्याचा डबा दिला होता. न्यू जर्सीला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले, आमचा मुलगा नील जागाच. त्याने डबा उघडला, एक तुकडा तोंडात टाकला. “आजोबा, शंकरपाळे आणले?”

“कुरमा,” बाबा म्हणाले, आणि बूट काढायला खाली वाकले.